दिवा काढणाऱ्यांची बाजू

इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा एखादा एलईडी काढून टाकायचा आहे असं कुणी म्हटलं, की समोरून येणारी उत्तरं ठरलेली असतात. एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसलास, काळी पट्टी चिकटव आणि विसरून जा. कंपनीने काही विचार करूनच लावला असेल ना, मग तू कशाला त्यात हात घालतोस? आणि शेवटचं, जरा दमात घेतल्यासारखं : बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावलंस की बोर्ड गेलाच म्हणून समज. ही उत्तरं देणारी माणसं अडाणी नसतात. प्रॅक्टिकलच्या तासाला शिकवणारे असतात, दुरुस्तीच्या काउंटरवर बसणारे असतात, स्वतः सर्किटं जुळवणारेही असतात. म्हणूनच त्यांचा सल्ला पुढे पुढे चालत राहतो आणि तो तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. तपासला, तर पहिली दोन उत्तरं कित्येक बोर्डांच्या बाबतीत साफ चुकीची निघतात आणि तिसरं निम्मंच खरं.

आधी हा ‘एवढासा दिवा’ खातो किती ते पाहू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या आसपास आर्डुइनो प्रो मिनीच्या नकला सर्रास मिळतात. बोर्ड लांबीला सव्वा इंचाच्या जरासा वर. त्यावर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, एक व्होल्टेज रेग्युलेटर आणि वीज आली की पेटणारा एक एलईडी, बहुधा लाल. मातीतला ओलावा किंवा टाकीतली पाण्याची पातळी मोजायला हौशी मंडळी हा बोर्ड वापरतात, कारण त्याला झोपवता येतं. पंधरा मिनिटांतून एकदा जागं व्हायचं, माप घ्यायचं, रेडिओवरून पाठवायचं आणि पुन्हा झोपायचं. त्या झोपेत, फक्त उठवणारं घड्याळ चालू ठेवलं तर, ३ व्होल्टला हा मायक्रोकंट्रोलर साधारण ४ मायक्रोअँपिअर करंट घेतो. हा आकडा त्याच्या डेटाशीटमधलाच.

आता शेजारचा लाल दिवा. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर सुमारे १.९ व्होल्ट एलईडीच्या वाट्याला जातात आणि उरलेले १.४ व्होल्ट त्याच्या जोडीच्या रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टर १ किलोओहमचा असेल तर करंट झाला १.४ मिलिअँपिअर, म्हणजे झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या साडेतीनशे पट. दिवसाला ३३-३४ मिलिअँपिअर-तास. २,००० मिलिअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल घातले, तर हा दिवा एकटाच ते दोन महिन्यांत रिकामे करतो. दिवा काढला आणि रेग्युलेटरला वळसा घालून वीज दिली, तर तेच सेल वर्षाहून जास्त काळ सहज टिकू शकतात. मग त्यांचं आयुष्य रेडिओ किती वेळा बोलतो आणि सेल पडल्या पडल्या किती उतरतात यावर ठरतं.

इथे काळी पट्टी लावून काय साधतं? पट्टीखाली दिवा पेटलेलाच असतो आणि सेल उतरतच असतात. ज्या बोर्डाकडे महिनोन्‌महिने कुणी पाहणारच नाही, जो डबीत बंद होऊन बांधावर टांगलेला आहे, त्याच्यावर ‘वीज चालू आहे’ असं सांगणारा दिवा कुणासाठी पेटतो, याचं उत्तर पट्टीवाल्यांकडे नाही.

मात्र दिवा काढणाऱ्यांच्या बाजूनेही एक पोकळ युक्तिवाद केला जातो आणि तो इथेच बाजूला काढलेला बरा. घरातले टीव्ही, चार्जर, सेट-टॉप बॉक्स यांचे दिवे काढले की विजेचं बिल कमी होतं म्हणे. हिशेब करून पाहावा. ५ व्होल्टवर १० मिलिअँपिअर घेणारा एलईडी म्हणजे ५० मिलिवॅट. वर्षाचे ८,७६० तास तो अखंड पेटला तरी ०.४४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला साडेचार रुपयेसुद्धा होत नाहीत. स्टँडबायमध्ये वाया जाणारी वीज प्रामुख्याने आतल्या पॉवर सप्लायमध्ये आणि जाग्या राहिलेल्या चिपांमध्ये जाते. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने स्टँडबायवर मर्यादा घातली ती अख्ख्या उपकरणावर : २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट. त्या अर्ध्या वॅटमध्येही एलईडीचा वाटा दहावा. भिंतीवरच्या सॉकेटमधून वीज घेणाऱ्या वस्तूचा दिवा बिलासाठी काढणं ही फुकटची मेहनत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूचा काढणं हा मात्र साधा हिशेब आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळेच ‘एवढासा दिवा’ हे उत्तर टिकून राहतं.

सॉकेटवरच्या वस्तूंचा त्रास वेगळा, तो डोळ्यांना होतो. त्यालाही नखरे म्हणून उडवून लावलं जातं, पण त्यामागे ठोस कारण आहे. माणसाचा डोळा उजेडात आणि अंधारात वेगवेगळ्या पेशींवर चालतो. उजेडात तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. अंधाराला सरावल्यावर हा बिंदू ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकतो. संध्याकाळी लाल फुलं काळवंडतात आणि निळी उठून दिसू लागतात, हे झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८१९ मध्येच टिपलं होतं आणि आजही हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. आकड्यांत सांगायचं तर, सारख्याच शक्तीचे ६३० नॅनोमीटरचा लाल आणि ४७० नॅनोमीटरचा निळा असे दोन दिवे घेतले, तर भर उजेडात लाल दिवा निळ्याच्या जवळपास तिप्पट प्रखर भासतो. अंधारात काम करणाऱ्या पेशींना मात्र तोच निळा लालच्या सुमारे दोनशे पट प्रखर असतो.

यात दिव्यांच्या इतिहासाची भर पडली. दिसणाऱ्या लाल रंगाचा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली बनवला. पुढची तीस वर्षं उपकरणांवर लाल, हिरवे, पिवळे दिवे होते. ते मंद होते, नीट दिसायला त्यांना १०-२० मिलिअँपिअर लागायचे. प्रखर निळा एलईडी शूजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९३ साली साधला. इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा दिवा नवा होता, महाग होता, म्हणून तो आधुनिकतेची खूण बनला. पुढे तो स्वस्त झाला तरी खूण म्हणून राहिलाच. आजचा निळा एलईडी एका मिलिअँपिअरच्याही बऱ्याच खाली ठसठशीत दिसतो, पण कित्येक बोर्डांवर रेझिस्टर मात्र अजून ४७० ओहम किंवा १ किलोओहमचेच, जुन्या मंद दिव्यांच्या काळातले. सर्किट उतरवून घेताना ती किंमतही तशीच उतरली. रात्री खोलीच्या छतावर राउटरचा निळा ठिपका उमटतो तो या नकलेमुळे.

‘निळ्या उजेडाने मेलॅटोनिन मरतं’ हे वाक्य मात्र इथे आणू नये. दिवस-रात्रीचं भान ठेवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाला सर्वांत जास्त जाग्या होतात, हे खरं. पण टेबलावरच्या एका एलईडीचा डोळ्यापर्यंत पोहोचणारा उजेड खोलीतल्या साध्या दिव्याच्या मानाने क्षुल्लक असतो. इथे तक्रार अंधाराला सरावलेल्या डोळ्याला टोचणाऱ्या ठिपक्याची आहे. ती तेवढीच मांडली तरी पुरेशी आहे.

अशा ठिकाणी पट्टी चालते, हे मान्य करायला हरकत नाही. वॉरंटीतला राउटर असेल तर पट्टीच लावावी. त्याहून आधी सेटिंग तपासावं. रास्पबेरी पायवर कॉन्फिग फाइलमध्ये एखाद-दोन ओळी लिहून वीज आणि हालचाल दाखवणारे दिवे बंद करता येतात. लिनक्समध्ये एलईडींसाठी वेगळी व्यवस्थाच आहे, तिथे दिव्याचा ट्रिगर ‘काही नाही’वर ठेवता येतो. काही राउटरांना दिवे मालवायचं बटण असतं. हे सगळं असताना स्क्रू खोलायला धावणारा माणूस उतावळा म्हणायचा. पण सॉफ्टवेअरचा हात पोहोचतो तो मायक्रोकंट्रोलरच्या पिनेवर बसलेल्या दिव्यापर्यंत. थेट पाच व्होल्टच्या ट्रॅकवर जोडलेला दिवा कुठल्याच सेटिंगला जुमानत नाही.

शिवाय पट्टी उजेड झाकते, जोडणी झाकत नाही. जुन्या आर्डुइनो बोर्डांवर १३ नंबरच्या पिनेला एलईडी आणि रेझिस्टर थेट टांगलेले होते. त्या पिनेवर आतला पुल-अप चालू करून बटण वाचायला गेलं, तर ५ व्होल्टऐवजी सुमारे १.७ व्होल्टच मिळतात, कारण दिवा पिनेला खाली ओढून धरतो. आर्डुइनोच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच ही सूचना होती. पुढे आर्डुइनोच्याच उनो बोर्डाच्या तिसऱ्या आवृत्तीत पिन आणि दिवा यांच्यामध्ये ऑप-अँपचा बफर बसवून हा दोष काढला गेला. ईएसपी३२-कॅम या स्वस्त कॅमेरा बोर्डावर पांढरा फ्लॅश एलईडी आणि मेमरी कार्डाची एक डेटा लाइन एकाच पिनेवर आहेत, चौथ्या. कार्डावर फोटो साठवायला गेलं की फ्लॅश लुकलुकतो. कार्ड एका लाइनवर चालवून त्यातून सुटका होते, पण जंगलात प्राण्यांचे फोटो काढायला हा बोर्ड ठेवणाऱ्याला अंधारात फ्लॅश चमकण्याची शक्यताही परवडत नाही. त्याने तो एलईडी काढला तर त्याला मूर्खात काढण्याचं कारण नाही.

आता दुसरं उत्तर : कंपनीने विचार करूनच लावला असेल. विचार नक्कीच केलेला असतो, फक्त कुणाच्या सोयीचा ते पाहायला हवं. कारखान्यात बोर्ड तपासणाऱ्याला एका नजरेत कळावं की वीज पोहोचली. ग्राहकाने फोन केला तर ‘हिरवा दिवा लागलाय का?’ एवढं विचारून पहिली शक्यता निकालात काढता यावी. शिकणाऱ्याला वायर नीट बसली की नाही ते दिसावं. ही सगळी कारणं चांगली आहेत आणि सगळी टेबलावर संपणारी आहेत. बोर्ड डबीत गेला की ती उरत नाहीत.

हे बनवणाऱ्यांना ठाऊक नाही असंही नाही. अमेरिकेतली स्पार्कफन ही कंपनी आपल्या सेन्सर बोर्डांच्या पाठीवर ‘एलईडी’ असं छापलेला एक बारीक जोड ठेवते. दोन तांब्याच्या पॅडांमधला केसाएवढा ट्रॅक कटरने कापला की पॉवर एलईडी बंद. वीज वाचवायची असेल तर हा जोड कापा, असं कंपनीच लिहून देते. पुन्हा दिवा हवा असेल तर त्या दोन पॅडांवर सोल्डरचा एक थेंब पुरतो. न्यूयॉर्कच्या एडाफ्रूटच्या अनेक बोर्डांवरही अशीच सोय आहे. म्हणजे ज्यांच्या ‘विचारा’चा हवाला दिला जातो, त्याच धंद्यातले नावाजलेले लोक दिवा काढायची वाट आखून देतात. दिवा पवित्र असता तर त्यांनी शेजारी कात्री कशाला ठेवली असती? स्वस्त नकलांवर ही वाट बहुधा नसते. तेव्हा वापरणाऱ्याला रेझिस्टरपाशी जावं लागतं, एवढाच फरक.

आणि छापून आलेलं प्रत्येक सर्किट विचारपूर्वक असतं, हा समज तर एकाच उदाहरणाने गळून पडतो. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं झेडएस-०४२ नावाचं निळं मोड्यूल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. चिप उत्तम आहे. मोड्यूलवर मात्र नाण्यासारखा सेल चार्ज करायला एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर दिलेला असतो, कारण मूळ कल्पना एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलची. दुकानातून किंवा हाताशी असलेल्या पाकिटातून प्रत्यक्षात बसवला जातो तो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. मोड्यूलला ५ व्होल्ट दिले की डायोडमधून त्या सेलवर ४.४ व्होल्टच्या आसपास दाब येत राहतो. सेल फुगतो, गळतो, त्याहून वाईटही होऊ शकतं. चार्ज होणाऱ्या सेललाही ४.२ व्होल्टच्या वर जायचं नसतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनेही हे सर्किट चुकलेलंच. जाणकार हे मोड्यूल हाती आलं की दोन गोष्टी काढतात : ‘२०१’ असं छापलेला तो रेझिस्टर आणि पॉवर एलईडीचा रेझिस्टर. पहिली सुरक्षिततेसाठी, दुसरी बॅटरीसाठी. ‘कंपनीने लावलंय ते राहू दे’ म्हणणाऱ्याने हे मोड्यूल सीआर२०३२ घालून ५ व्होल्टवर वर्षभर आपल्या घरात चालवावं का, याचा विचार करावा.

याचा अर्थ दिसेल तो दिवा उपटावा असा नाही. विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे, आणि ते ‘कंपनीचा विचार’ या मोघम शब्दांपेक्षा फार नेमकं आहे.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टर पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. तिन्ही फेज आल्या आहेत का, हे त्यावरून कळतं. एक फेज गेलेली असताना थ्री-फेज मोटर दोन फेजवर रेटली तर ती गुणगुणते, तापते आणि वाइंडिंग जळतं. रात्रीच्या पाळीची वीज आल्यावर अंधारात पेटीपाशी गेलेला शेतकरी बटण दाबण्याआधी तेच तीन दिवे पाहतो. त्यातला निळा डोळ्याला खुपतो म्हणून काढणाऱ्याला मोटर भरून घेण्याचा खर्च विचारावा. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरचा स्टँडबाय दिवाही याच जातीचा. मशीन बंद दिसत असलं तरी बोर्डावर वीज आहे, रॅम उपसू नका, हे तो सांगतो.

दुसरी जात दुसऱ्या माणसासाठी असलेल्या दिव्यांची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा दिवा मालकाला जितका, तितकाच कॅमेऱ्यासमोर आलेल्या प्रत्येकाला सावध करतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जुन्या मॅकबुकांवर दाखवून दिलं, की कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर बदलून दिवा न पेटवताच चित्रण करता येतं. त्या मॉडेलांत दिवा सेन्सरच्या स्टँडबाय जोडणीला बांधलेला होता आणि सेन्सरला ती जोडणी दुर्लक्षायला सांगता येत होतं. तिथे दिव्याची बांधणी कच्ची होती, ही खरी तक्रार. अलीकडे चित्रण करणाऱ्या स्मार्ट चष्म्यांतला दिवा निकामी करून देणारे निघाले आहेत. ‘माझी वस्तू, माझा दिवा’ हा युक्तिवाद तिथे लागू होत नाही, कारण तो दिवा चष्मा घालणाऱ्यासाठी नसतोच, समोरच्यासाठी असतो.

तिसरी जात सर्किटातच काम करणाऱ्या एलईडींची. एलईडी बल्बमध्ये दिवे एकामागून एक साखळीत असतात, एक काढला की अख्खी साखळी अंधारात जाते. काही सर्किटांत एलईडीचे ठरावीक व्होल्ट संदर्भ म्हणून वापरलेले असतात. कुठे तो पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर बसून वीज गेल्यावर त्यातला चार्ज हळूहळू रिकामा करतो. ऑप्टोकपलरच्या पोटातला एलईडी तर दिसतही नाही. लॅन८७२० सारख्या इथरनेट चिपांत दिव्यांच्या पिना वीज येताक्षणी सेटिंग वाचायलाही वापरल्या जातात, त्यामुळे तिथला रेझिस्टर फक्त दिव्यासाठी आहे असं धरून उचलला तर चिप वेगळ्याच अवतारात जागी होऊ शकते. याउलट मोबाइलच्या सेलसाठी वापरल्या जाणाऱ्या टीपी४०५६ या चार्जिंग मोड्यूलवरचे दोन्ही दिवे काढले तरी चार्जिंगवर काही परिणाम होत नाही, कारण चिपच्या त्या पिना फक्त खबर देतात, निर्णय घेत नाहीत. त्यामुळे नियम एवढाच निघतो : दिव्यापासून ट्रॅक धरत मागे जावं, तो कुठून येतो आणि वाटेत आणखी कुणाला भेटतो ते पाहावं. ज्याला ते पाहता येत नाही, त्याने पट्टी लावावी.

राहिलं तिसरं उत्तर, बोर्ड जाण्याचं. बोर्ड जातात, यात शंका नाही. पण ते जातात चुकीचा भाग चुकीच्या रीतीने ओढल्यामुळे. चिमट्यात एलईडी पकडून हिसका दिला की त्याच्यासोबत तांब्याचं पॅडही सालासारखं सोलून येतं, कारण पॅड बोर्डाला चिकटवलेलं असतं आणि तापल्यावर ते चिकटणं कमजोर होतं. शिवाय एलईडीवरचं पारदर्शक प्लास्टिक वितळून टोकाला चिकटतं, म्हणून तो पुन्हा लावण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून हात घालायचा तो एलईडीला नाही, त्याच्या रेझिस्टरला. रेझिस्टर सिरॅमिकचा असतो, उष्णता सोसतो, आणि साध्या इंडिकेटरच्या जोडणीत तो निघाला की दिवा आपसूक विझतो.

रीत अशी. वीज काढायची, बॅटरीही काढायची. भिंतीच्या विजेवर थेट चालणारा बोर्ड असेल, तर इथेच थांबायचं. २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या घरात बसलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. तो बोर्ड कारागिराकडे द्यावा. पाच किंवा तीन व्होल्टचा बोर्ड असेल, तर भिंगाखाली एलईडी शोधायचा, त्याच्या ट्रॅकवर ‘१०२’ किंवा ‘४७१’ छापलेला रेझिस्टर सापडतो. १०२ म्हणजे १ किलोओहम, ४७१ म्हणजे ४७० ओहम. ०६०३ मापाचा असेल तर लांबी १.६ मिलिमीटर, रुंदी ०.८, तांदळाच्या कणीएवढा. त्याच्या दोन्ही टोकांना फ्लक्स लावायचा आणि मग थोडं शिसंवालं सोल्डर. हे उलटं वाटतं, काढायला निघालेला माणूस आणखी सोल्डर का घालतो? शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, जुनं ६३-३७ कथील-शिसं १८३ ला. दोन्ही मिसळली की वितळणं सोपं होतं आणि सोल्डर जास्त असलं की ते उष्णता जास्त वेळ धरून ठेवतं. मग ३२० ते ३५० अंशांवरच्या आयर्नच्या रुंद टोकावर सोल्डरचा एक गोळा घेऊन तो दोन्ही टोकांना एकदम टेकवायचा. दोन-तीन सेकंदांत रेझिस्टर तरंगायला लागतो. तेव्हा त्याला हलकेच बाजूला सारायचं, ओढायचं नाही. तो तरंगत नसेल तर जोर लावायचा नाही, आणखी फ्लक्स लावायचा. शेवटी सोल्डर टिपणाऱ्या विकने पॅड साफ करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसायचा आणि मल्टिमीटरने पाहायचं की दोन पॅडांमध्ये सोल्डरचा पूल राहिला नाही ना. काढलेला रेझिस्टर डबीच्या आतल्या बाजूला टेपखाली चिकटवून ठेवला, तर पुढच्या माणसाला बोर्ड पूर्ववत करता येतो.

दिवा नको आहे की त्याचा भडकपणा नको आहे, हेही ठरवता येतं. १ किलोओहमच्या जागी २२ किंवा ४७ किलोओहमचा रेझिस्टर बसवला, की ५ व्होल्टवरचा निळा दिवा २ मिलिअँपिअरवरून ०.१ किंवा त्याखाली येतो. रात्री अंधारात तो दिसतो, छतावर मात्र उमटत नाही. राउटर, एअर प्युरिफायर, इन्व्हर्टरचा लहान कंट्रोल बोर्ड अशा ठिकाणी हाच मार्ग शहाणपणाचा, कारण वीज गेली की नाही हे तरी कळत राहतं. ‘काढलास तर कळणार कसं’ म्हणणाऱ्यांनाही यावर बोलायला जागा उरत नाही.

वॉरंटीचा मुद्दा खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. सील तोडलं की बहुतेक कंपन्या हात वर करतात. पण वॉरंटी संपलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क किती, हा प्रश्न आता दिव्यापुरता राहिलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, शेतीची अवजारं ही क्षेत्रं त्यात आहेत. सर्किटची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचली, तर कुठला दिवा नुसता दिवा आहे आणि कुठला काम करणारा आहे, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. आज बोर्ड जातात त्याला आयर्नइतकीच ही लपवाछपवीही जबाबदार आहे.

दिवा काढणाऱ्याला नावं ठेवण्यापेक्षा जाब बनवणाऱ्यांना विचारायला हवा. कापता येणारा जोड बोर्डावर ठेवायला एकही सुटा भाग लागत नाही. तो त्याच तांब्यातून, त्याच छपाईत, बाकीच्या ट्रॅकांबरोबर तयार होतो आणि त्याच्या शेजारी ‘एलईडी’ ही अक्षरं छापली जातात ती बाकीच्या नावांसोबत. राउटरमध्ये दिवे बंद करायचं सेटिंग एकदाच लिहायचं असतं. आणि भडक निळा दिवा सौम्य करायला तर कारखान्यात मशीनवरचं एक रीळ बदलावं लागतं, १ किलोओहमचं काढून २२ किलोओहमचं. दोन्ही रिळांच्या किमतीत फरक नसतो.